आधी कुणाचं आडनाव

सगळं जग एखाद्या गोष्टीला हो म्हणालं की आमचे एवेलिओ नाही म्हणतात. घरात या सवयीने माझं डोकं उठतं, पण आमच्या सालामिना गावच्या रेडिओवर तिलाच कार्यक्रम म्हणतात. दर शनिवारी सकाळी ‘दुसरी बाजू’. आधी एवेलिओ बोलतात, मग लोक फोन करून भांडतात. मोबाइलने कुटुंबं मोडली, असं ते ज्या कार्यक्रमात सांगतात तो अर्धं गाव मोबाइलवरच ऐकतं. वॉशिंग मशीनमुळे बायकांचं एकमेकींशी बोलणं संपलं, यावर एकदा ते किती तरी वेळ बोलले. अंगात मशीनमध्ये धुतलेला शर्ट होता. मी लग्नानंतर ओढ्यावर कपडे धुतलेत. तिथे बोलणं नसे, सर्दी असे.

आडनावांच्या नव्या कायद्यावर तर ते तुटूनच पडले होते. आमच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं आणि मागे आईचं. त्या माणसाला मूल झालं की मागचं गळून जातं आणि पुढचं चालू राहतं. नव्या कायद्याने हा क्रम बदलायची मुभा दिली. आई-बापाचं एकमत झालं नाही तर चिठ्ठी टाकायची. “आज चिठ्ठी टाकून आडनाव, उद्या चिठ्ठी टाकून बाप!” एवेलिओ रेडिओवर गरजले. रविवारी चर्चबाहेर लोकांनी त्यांची पाठ थोपटली, आणि हे टोपी काढून असे उभे राहिले की जणू यांनीच कायदा परत पाठवला.

मग आमच्या एकुलत्या एक योलिमाला मुलगी झाली. बाळंतपणाला ती माझ्याकडे आली, नवऱ्यासकट. सव्वा महिना कोंबडीचं सूप, डोक्याला लोकरीची टोपी, वारा लागू नये म्हणून कानात कापूस. मानिसालेस शहरात बँकेत साहेबीण आहे, पण कापूस घालून घेतला गुमान. बापाशी मात्र तिचं बोलता येऊ लागल्यापासून वाजतं.

एका दुपारी जेवताना ती म्हणाली, “बाबा, मी आणि फाबेरने ठरवलंय. सालोमे किसेनो ओकाम्पो. माझं आडनाव आधी. आता घाला रेडिओवर गोंधळ.”

“माझी हरकत नाही, डॉन एवेलिओ,” जावई घेवड्याच्या ताटातून मान वर न करता, आदराचं ‘डॉन’ लावून म्हणाला. “मला चार भाऊ आहेत. ओकाम्पो कमी पडायचे नाहीत.”

एवेलिओंचा चमचा तोंडाशीच थांबला. हा माणूस मला पाठ आहे. त्यांचा एकच भाऊ, तो बिनलग्नाचा गेला. किसेनो आडनाव यांच्यापाशी संपणार होतं. तोंडाने कधी बोलले नाहीत, पण दर नोव्हेंबरात वडिलांच्या थडग्यावरचं ते आडनाव दात घासायच्या ब्रशने साफ करत बसतात, एकेक अक्षर. आता नात ते नाव पुढे नेणार होती, आणि तेही यांनी शिव्या घातलेल्या कायद्याच्या कृपेने.

“तो कायदा,” चमचा खाली ठेवून ते म्हणाले, “जरा पुन्हा वाचायला हवा.”

मला हसू आवरेना. भांडी उचलायच्या निमित्ताने आत गेले.

शनिवारी काळा कोट घालून गेले. मी स्वयंपाकघरात कोंबडी साफ करत होते, रेडिओ चालू. आणि काय बोलले म्हणून सांगू! इतकी वर्षं आपण चुकीच्या बाजूला उभे होतो, म्हणाले. हा कायदा आधुनिक नाहीच, सगळ्यात जुना आहे. आई कोण याबद्दल कधी कुणाला शंका आली आहे का? नऊ महिने पोटात वागवणारीचं नाव मागे, आणि बाहेर सिगारेट ओढत उभा राहणाऱ्याचं पुढे, हा कुठला न्याय? “आईचं आडनाव हाच कुटुंबाचा पाया!” बायकांचे फोनवर फोन आले. एक तर रडली.

माझ्या हातात पिसं होती आणि डोकं तापत चाललं होतं. आई, आई, आई. या घरात एक आई मीही होते. मी हात पुसले आणि फोन लावला.

“बोला, बाईसाहेब,” एवेलिओ मधाळ आवाजात म्हणाले. फोनवर बायकोचा आवाज त्यांना ओळखता येत नाही. घरी तरी कुठे ऐकतात?

“डॉन एवेलिओ, एक शंका आहे. तुमच्या नातीला आईचं म्हणून जे आडनाव मिळणार, ते तिच्या आईला कुणाकडून आलं?”

“तिच्या वडिलांकडून. म्हणजे माझ्याकडून. का हो?”

“मग ते आईचं कसं? ते तुमचं झालं. त्या आईलाही आई आहे ना? तिचं कुठं गेलं?”

“ते... प्रश्न मोठा तात्त्विक आहे. आपलं नाव काय म्हणालात?”

सगळं गाव मला किसेनोंची बायको म्हणतं. मीही तेच सांगते, दवाखान्यात, दुकानात, सगळीकडे.

“लेओनिल्दे झुलुआगा,” मी म्हटलं.

रेडिओवर एकदम कुठलंसं बोलेरो गाणं लागलं, तेही मधूनच.

मागे वळले तर दारात योलिमा उभी होती. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात मोबाइल, एका कानातला कापूस काढलेला. डोळे भरलेले.

“आई, तू कधी बोलली का नाहीस?”

“विचारलं कुणी?”

एवेलिओ घरी आले तोवर तिने सगळं ठरवून टाकलं होतं. “बाबा, सोमवारी नोटरीकडे जाऊन माझीच आडनावं उलटी करून घेते. कायद्यात बसतं. योलिमा झुलुआगा किसेनो. मग सालोमेही झुलुआगा. पटतंय ना? तुम्हीच सकाळी सांगितलंत, आईचं आडनाव हाच पाया.”

एवेलिओंनी कोट काढला नाही. तसेच खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “झुलुआगा म्हणजे कोण, लेओ? तुझा बाप, क्लिमाको. पोरीच्या जातीला अक्षरं कशाला म्हणून ज्याने तुला पाचवीत शाळेतून काढलं, तो. बायकांचा विजय म्हणून त्याचं नाव लावायचंय तुला? आणखी मागे जा, तिथेही बापच भेटेल.”

ते खरं होतं. याचाच मला सगळ्यात राग आला. माझं म्हणून जे आडनाव मी सगळ्या गावाला ऐकवलं होतं, तेही त्या माणसाचंच.

“मग कुणाचं लावायचं?” योलिमा म्हणाली. “बोला ना. तुमच्याकडे नेहमी दुसरी बाजू असते.”

एवेलिओंनी एक हात तोंडावरून फिरवला. आवाज पार खाली गेला. “बाजूबिजू काही नाही, पोरी. मला हवंय ते. किसेनो राहायला हवंय. मला एक मुलगा असता तर तुमच्यापुढे असे हात पसरायची वेळ आली नसती.”

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. फाबेरनेसुद्धा मान वर केली.

जन्मापासून बापाशी वाद घालणारी माझी पोर. लहानपणी सायकलची पंक्चर काढली ती बापाने बघावं म्हणून. वर्गात पहिली आली, बँकेत लागली, आणि आडनाव पुढे घेतलं तेही, मला वाटतं, त्याच एका माणसासाठी. तिने कानात कापूस परत घातला आणि बाळाला घेऊन आत गेली. माझं काळीज तुटलं. झुलुआगा-बिलुआगा सगळं विसरले मी.

“जा आत,” मी यांना म्हटलं. “माफी मागा तिची.”

“काय म्हणू?”

“रेडिओवर तर शब्द कमी पडत नाहीत.”

गेले. दार ठोठावलं, ते उघडलं नाही, तसेच परत आले.

सोमवारी बाळाची जन्मनोंद करायला आम्ही सगळे नोटरीच्या कचेरीत गेलो. तिथली मुलगी ‘दुसरी बाजू’ न चुकता ऐकणारी. एवेलिओंना बघून उठून उभी राहिली. “परवाचं बोलणं काय सुंदर झालं, डॉन एवेलिओ! माझ्या आईने पुन्हा लावून ऐकलं. तर, बाळाचं आईचं आडनाव आधी ना?”

फाबेरने योलिमाकडे पाहिलं. एवेलिओ टोपी छातीशी धरून उभे होते.

“नाही,” योलिमा म्हणाली. “नेहमी लिहितात तसंच लिहा. आधी बापाचं.”

“सालोमे ओकाम्पो किसेनो?”

“हो.”

मुलगी टाइप करू लागली. सगळं जुन्या रीतीने झालं, किसेनो मागे, पुढच्या पिढीत गळून जायला, एवेलिओ रेडिओवर ओरडून मागत होते अगदी तसं. मी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस सगळ्या लोकांसमोर रडत होता, आणि त्याला गप्प करायला योलिमाने बाळ त्याच्या हातात दिलं.