जमिनीपासून चार बोटं वर

मोगऱ्याच्या कळ्यांचा वास.

तुटलेला दांडा.

"हो मॅडम."

घशाच्या तपासणीचा कागद, ज्यात काहीच सापडलं नाही.

अंधेरीचं एक ऑफिस. बंद पडलेलं.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे, फक्त ओळीने लावलेलं नाही. मी खुर्ची. गोल फिरणारी, काळ्या रेक्झिनची, आता पुष्कळ जुनी. माणसं तोंडाने काय बोलतात ते सगळ्यांना ऐकू येतं. ती बसतात कशी, ते मात्र मलाच कळतं.

आत्मवृत्तात जन्म सांगायची पद्धत आहे, म्हणून सांगते. लोखंडी नळी, फोम, रेक्झिन आणि बारा स्क्रू मिळून मी झाले. अंधेरीच्या ऑफिसात आठ वर्षं काढली. तिथले साहेब पाहुण्यांना सांगायचे, "ही खुर्ची नाही, सिंहासन आहे!" ऑफिस बंद झालं आणि सिंहासन टेम्पोत चढलं. विरारला, बोळिंजमध्ये केनीच्या सायबर कॅफेत उतरलं. केबिन नंबर सात: प्लायवूडच्या भिंती, पुढे पडदा. गेम खेळणाऱ्या पोरांनी मला चढवत चढवत पार वर नेलं आणि उंची बदलायचा दांडा तोडला. तेव्हापासून मी वरच अडकले. केनी म्हणाला, "चलता है. स्क्रीन दिसते ना, बस."

जन्म झाला. आता खरं ते.

दोन हजार सातचा मार्च. दर शनिवारी अकरा वाजता रोझलिनआंटी येऊ लागल्या. आगाशीजवळच्या वाडीत त्या एकट्या राहायच्या. मोगरा लावायच्या, कळ्या बाजाराला पाठवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ ॲन्सेल्म याला ती वडिलोपार्जित वाडी बिल्डरला द्यायची होती. त्यासाठी आंटींची एक सही हवी होती: माझा हिस्सा मी राजीखुशीने सोडत आहे. बहिणी अशी सही करतातच, असं सगळे धरून चालायचे. आंटींना ती करायची नव्हती. पण ॲन्सेल्म समोर आला की त्यांचा घसा आवळायचा. आवाजच निघायचा नाही. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही. सहीचा दिवसही ठरला होता, ईस्टरनंतरचा सोमवार.

मग त्यांच्या भाचीने, जेसिकाने, पुण्याच्या समुपदेशक उन्नती मॅडम शोधून काढल्या. त्या कॉम्प्युटरवरून बोलायच्या. त्यांची रीत अशी, की मनातलं बोलताना शरीराकडेही लक्ष द्यायचं. श्वास कुठे अडला, खांदे कुठे चढले, सगळं बघायचं. हेडफोनचा आवाज एवढा मोठा, की मलाही ऐकू येई.

पहिल्या शनिवारी आंटींना वाटलं, हे चर्चमधल्या पापनिवेदनासारखं असणार. त्यांनी महिनाभराच्या चुका सांगून टाकल्या आणि शेवटी विचारलं, "मग प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना किती म्हणू?"

मॅडम हसल्या. "एकही नको. घसा आवळतो तेव्हा पोटात काय होतं?"

"पोट? पोट एकदम साफ आहे मॅडम."

"बरं. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. जमीन जाणवतेय?"

"हो मॅडम."

मित्रांनो, जाणवत नव्हती. त्यांचे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होते. कॅमेऱ्यात चेहरा आणि खांदे तेवढे दिसत.

दुसरा शनिवार. "जमीन जाणवतेय?" "हो मॅडम."

तिसरा शनिवार. "आता हलकं वाटतंय?" "हो मॅडम, खूप."

माझी कड त्यांच्या गुडघ्यामागे रुतत होती. पावलांना मुंग्या आल्या होत्या. दोन्ही हातांनी त्या मला घट्ट धरून बसत. मला हे सगळं कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. मी करकरले. केनीने तेल घातलं.

चौथा शनिवार, ईस्टरचा आदला दिवस.

मॅडम म्हणाल्या, "रोझलिनताई, तीन आठवड्यांत तुम्ही मला एकदाही 'नाही' म्हणाला नाहीत. माझं सगळंच बरोबर असतं का हो?"

आंटींनी एकदा खाली लोंबत्या पायांकडे पाहिलं. मग, अगदी बारीक आवाजात, "नाही."

"काय नाही?"

"पाय टेकत नाहीत, मॅडम. खुर्ची उंच आहे. पहिल्यापासून."

"मग 'हो' का म्हणत होतात?"

"तुम्ही एवढ्या मायेने विचारत होतात. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि ॲन्सेल्मला?"

"त्याला तर वाटेलच."

"वाटू दे. आधी त्या खुर्चीवरून उतरा. चपला काढा. नुसत्या उभ्या राहा."

आंटी उतरल्या. गार लादीवर अनवाणी उभ्या राहिल्या. त्यांचा अडलेला श्वास सुटलेला मी ऐकला. तेवढ्यात काउंटरवरून ओळखीचा आवाज आला. केनीकडे झेरॉक्सचं मशीनही होतं.

"केनी, याच्या तीन कॉप्या मार रे. सोमवारी बहिणीची सही घ्यायची आहे."

आंटींनी हेडफोन काढून पडदा सरकवला.

"बाय!" ॲन्सेल्म हसला. बहिणीला तो बायच म्हणायचा. "तू इथं? कॉम्प्युटर शिकते की काय म्हातारपणी?"

"मी सही करणार नाही, ॲन्सेल्म."

आवाज चिरकला, पण निघाला.

"काय?"

"वाडी मी सोडणार नाही."

"अगं, पॉलिनआत्याने केलीच ना सही? सगळ्या करतात. लोक काय म्हणतील?"

"आत्याचं आत्यापाशी. माझं मी सांगितलं."

"घसा बरा झालेला दिसतो."

"झाला."

केनी कागद हातात धरून उभा होता. "कॉपी मारू की नको?"

हेडफोनमधून मॅडम विचारत होत्या, "रोझलिनताई? आहात ना?" त्यांना स्क्रीनवर फक्त माझी रिकामी पाठ दिसत होती.

सोमवारी सही झाली नाही. ॲन्सेल्म दोन वर्षं बहिणीशी बोलला नाही. त्याचं दुःख आंटींना झालं, हेही खरं. पुढे घरोघरी इंटरनेट आलं आणि कॅफे बंद पडलं. आता मी केनीच्या गच्चीवर आहे. रेक्झिन फाटलं आहे आणि फोमवर एक मांजर झोपतं. त्याचे पाय टेकायचा प्रश्न येत नाही.

इथे मी "जुन्या वस्तूंची काळजी घ्या" असं म्हणायला हवं. घ्या. माझा दांडा दुरुस्त करणं कठीण नव्हतं. पण माझी विनंती दुसरी आहे. घरात आई, ताई, मावशी कुणी "हो" म्हणालं, की लगेच खूश होऊन पळू नका. जरा खाली वाकून तिचे पाय टेकलेत का ते बघा. तुमचे टेकत नसतील, तर सांगा. समोरचा कितीही मायेने विचारत असला तरी सांगा. खुर्ची उंच असणं हा बसणाऱ्याचा दोष नाही.

केनी सांगायचा, पहिल्या शनिवारी आत यायचा धीर गोळा करत रोझलिनआंटी कॅफेच्या पायरीवर पाऊण तास उभ्या होत्या, दोन्ही पाय टेकवून.