पोती घरच्या रोपांवर

सुनेला काडीची अक्कल नाही, हे थोरल्या बाईंनी आजवर येताजाता ऐकवलं होतं. पण त्या सकाळी रोपवाटिकेच्या फाटकात उभं राहून त्या तेच म्हणाल्या, तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

"ही बया पोती टाकायला गेली आणि टाकली कुणावर, तर घरच्यांवर!"

रात्री अचानक कडाका पडला होता. पालवी फुटून गेल्यावर एवढी थंडी बाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती; पण हल्ली हवेला ना धरबंद उरला होता, ना लाज. दंव गोठून वाफ्यांवर मीठ सांडल्यासारखं दिसत होतं. डाव्या अंगाला घरची रोपं, म्हणजे डोंगरावरच्या जुन्या झाडांच्या बियांची. उजव्या अंगाला पाहुण्या. त्यांचं बी सुनेने दूरच्या, जास्त तापणाऱ्या मुलखातून कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आणवलं होतं. आपला डोंगर आता त्या मुलखासारखा तापतो, तर तिथलं झाड इथे टिकेल, असं तिचं म्हणणं. 'पाहुण्या' हे नाव बाईंनी ठेवलेलं, आणि ते काही कौतुकाने नव्हे. पोती मात्र एकाच अंगाला पुरतील एवढी होती. बाकीची उंदरांनी कुरतडली होती.

सुनेला जे ठाऊक नव्हतं, ते असं, की मागच्या उन्हाळ्यात बाई मुलाला गाडी काढायला लावून डोंगरावर जाऊन आल्या होत्या. वर जुनी झाडं खांबासारखी वाळून उभी. साली लोंबत होत्या. स्वतःच्या हाताने वाढवून पाठवलेलं रोप त्यांनी चिमटीत धरलं, तर काडी मोडावी तसं मोडलं. हिरवं होतं ते फक्त दगडांच्या आडोशाला, सुनेने आजमावायला लावलेल्या पाहुण्यांचं. बाईंनी एक पान चुरगळून हुंगलं. औषधासारखा परका वास आला. तो बोटांना दिवसभर राहिला.

"काय दिसलं गं?" खाली गाडीपाशी थांबलेल्या मुलाने विचारलं होतं.

"धूळ," त्या म्हणाल्या, आणि घरी येऊन सुनेला नेहमीच्याच सुरात टोमणा हाणला, "तुझ्या पाहुण्यांनी मुक्कामच ठोकला म्हणायचा!" इतकी वर्षं एक बोलून आता दुसरं कुठल्या तोंडाने बोलायचं?

आता सून उजव्या वाफ्याशी गुडघे टेकून बसली होती. तिच्या हातातली पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी, लिबलिबीत. पलीकडे मुलगा पोती उचलत होता. खालची घरची रोपं टवटवीत, ताठ.

"तुमची सगळी वाचली, आई," सून म्हणाली.

"वाचून करायचंय काय त्यांनी? वर लावली की उन्हाळ्यात सरपण!"

"तुम्हीच म्हणायच्या, आधी घरच्यांकडे बघ."

"मी काय वाट्टेल ते म्हणते! तोंडाने तुला कितीदा घराबाहेर काढलं, गेलीस का?"

मुलगा फिस्सकन हसला. बाईंनी नुसतं पाहिलं, तसा तो पोत्यांच्या घड्या घालायला लागला.

"बी पुन्हा मागव," बाई म्हणाल्या. हुकूमच होता तो, पण शेवटी शेवटी विनवणीसारखा झाला.

"कुठून, आई? तिकडचं जंगल यंदा जळालं. ही शेवटची पिशवी होती."

"आणि वरच्या?"

"उजाडताच जाऊन आले. त्याही काळ्या पडल्यात. अजून कोवळ्याच होत्या. जून झाल्या असत्या तर निभावल्या असत्या." मग ती थबकली. "पण वर आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पाहून आले मी. उन्हाळ्यात. तुझ्याच तेवढ्या हिरव्या होत्या."

सून उठून उभी राहिली. "मग बोलला का नाहीत? रात्री पोती हातात घेऊन मी किती वेळ उभी होते. वाटलं, तुमची गेली तर तुम्ही झुरणीला लागाल."

बाईंनी गोठून पत्र्यासारखं झालेलं एक पोतं उचललं. कुठे ठेवायचं ते सुचेना, म्हणून तसंच हातात धरून राहिल्या.

"माझी जीभ वळली नाही, हे खरं. पण पोती तू टाकलीस, तेव्हा चूक तुझीच. सासूला जपायला कुणी अख्खा डोंगर घालवतं का, मूर्ख पोरी?"