हौदातली लाल गाडी

मी एक जुनी रिमोटची गाडी आहे. रंग लाल, चाकं मोठी आणि चाकांच्या दांड्यांना गुंडाळलेले चार माणसांचे केस. हो, केस! मित्रांनो, ऐकूनच तुम्हाला कसंसं झालं ना? मग माझं काय होत असेल, विचार करा. खेळण्यांनी गोड बोलावं असं म्हणतात. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. मला मोठ्या माणसांचा वीट आला आहे आणि तो का आला, तेच मी सांगणार आहे.

कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते नांदेडच्या वजिराबादेतलं शरणप्पांचं खेळण्यांचं दुकान. तिथे मी सगळ्यात वरच्या फळीवर होते. माझ्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आठ वर्षांपुढील मुलांसाठी'. ते खरंच होतं. मी सुसाट पळणारी गाडी. रिमोटला दोन दांड्या आणि वर सहा बटनं. मला आवरायला हात पक्का लागतो.

एक दिवस उद्धव नावाचे गृहस्थ दुकानात आले. रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला होते. लातूरला दिलेल्या बहिणीच्या मुलीचा, मिनीचा, वाढदिवस होता.

"लेकरू केवढं हाय, साहेब?" शरणप्पांनी विचारलं.

"तीन पुरे होतील आता."

शरणप्पांनी एक बुटकी गाडी काढून फरशीवर ठेवली. रिमोटला दोनच बटनं. चाल हळू, नाक रबराचं, सेलच्या झाकणाला स्क्रू. "पहिली गाडी अशीच घ्यावी, साहेब. लेकराच्या हातानं चालली पाहिजे. बाकी काही बघायचं नसतं."

किती शहाणा माणूस! पण उद्धवमामांनी त्या गाडीकडे असं पाहिलं, जणू ताटात कुणी शिळं वाढलं. "ही? मामानं आणली म्हणून सांगायला तोंड राहील का मला? ती वरची लाल काढा. सगळ्यात मोठी." शरणप्पांनी खोक्यावरच्या आठाच्या आकड्यावर बोट ठेवलं. मामा हसले आणि म्हणाले, "आमची मिनी लई हुशार हाय हो!"

मिनी हुशार होतीच. पण तिची बोटं तीन वर्षांची होती. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसाला कळू नये?

वाढदिवसाला खोकं फोडलं मामांनी, सेल घातले मामांनी आणि चालवलंही मामांनीच. मिनी दोन्ही हात पुढे करून शेजारी उभी होती. मामांनी दांडी जी दाबली ती सोडलीच नाही. मी तोफेसारखी सुटले आणि मिनीच्या नडगीवर आदळले. ती खाली बसली आणि जे भोकाड पसरलं, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. मग काय, पाहुण्यांची पाळी सुरू झाली. केकच्या क्रीमनं माखलेल्या हातांनी एकेकानं रिमोट ओढला. मला सोफ्याखाली घातलं. तिथे काय नव्हतं? तेलकट चिवडा, केसांचे गुंते, एक मेलेलं झुरळ. शी! ते सगळं माझ्या चाकांत गेलं.

शेवटी मिनीच्या हातात रिमोट आला. तिचा अंगठा दांडीवर नीट पोचेना. तिनं सगळा जीव एकवटून दाबलं आणि मी शोकेसला धडकले. "घ्या! हिला न्हाई जमायचं," मामा म्हणाले. कुणीतरी बोललं, "भित्री हाय पोरगी." सगळे हसले. मिनीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. त्यानंतर माझं नुसतं नाव काढलं तरी तिचे हात पाठीमागे जायचे.

मित्रांनो, गाडीला मन नसतं असं तुम्ही समजता. मला एकच गोष्ट हवी होती. जिच्या नावानं मला आणलं, तिनं मला एकदा तरी स्वतः चालवावं.

पण मिनीच्या आजीनं, सरजाबाईंनी, मला उचललं आणि पॉलिथिनची पिशवी घालून शोकेसमध्ये ठेवलं. "मोठी झाली की देऊ. एवढ्या महागाची वस्तू मोडून जाईल." त्या शोकेसमध्ये वस्तू ठेवायची म्हणजे तिचं आयुष्य संपलंच! माझ्या शेजारी एक घड्याळ होतं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कलेक्टर कचेरीत लागलेल्या आजोबांना ते भेट मिळालं होतं. त्याला चावी द्यायची राहिली ती राहिलीच.

त्यात कुणी माझे सेल काढले नाहीत. सेल म्हणजे काही सोन्याचे दागिने नव्हेत, मित्रांनो, की ठेवले आणि विसरले. दहा महिन्यांत ते पाझरले. पोटात हिरवट-पांढरा चिकट लगदा साचला. त्याला असा उग्र वास, की मला माझीच किळस यायची. काचेपलीकडून लोक म्हणायचे, "किती जपून ठेवलीय!" जपून? आत मी सडत होते!

त्या उन्हाळ्यात लातूरचं पाणी तुटलं. नळ बंद झाले, बोअर आटले, रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. अंगणातला सिमेंटचा हौद कोरडा ठणठणीत पडला. मिनीची आई विशाखा शाळेत शिक्षिका होती. सुट्टीत तिनं धूळ पुसायला शोकेस उघडली, माझं झाकण काढलं आणि नाकाला पदर लावला. "शी शी शी! अहो आत्या, सेल कुजलेत की आतमध्ये!"

तिनं जुन्या ब्रशनं मला खरवडलं. धुवायला पाणी कुठलं? खपली कोपऱ्याकोपऱ्यात राहूनच गेली. मग तिनं नवे सेल घातले. नको असलेल्या सहाही बटनांवर चिकटपट्टी लावली आणि मला मिनीबरोबर हौदात उतरवलं. चारी बाजूंनी भिंती, फोडायला काही नाही, पळून जायला जागा नाही. अर्ध्या हौदावर शहाबादी फरशी, त्यामुळे सावलीही.

मिनीचे हात पाठीमागे गेले. विशाखा काठावर कोपर टेकून म्हणाली, "दाबून नाही धरायचं, राजा. टेकव आणि सोड. टेकव आणि सोड."

दोन दिवस मिनीनं मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एक बोट टेकवलं आणि सोडलं. मी वीतभर पुढे गेले. ती दचकली. पुन्हा टेकवलं. मी पुन्हा वीतभर सरकले. आठवड्याभरात ती मला कोपऱ्यातून वळवून मागे आणायला लागली. "आई, बघ! मी चालवायलेय!" आई गं, काय तो आवाज! माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी असं चालवलं नव्हतं. एक कबूल करते. सगळं लातूर पाण्यासाठी जीव टाकत होतं आणि मी मनात म्हणत होते, हौद भरू नये. लाज वाटते मला त्याची.

शेवटी चार घरांनी मिळून टँकर सांगितला. सरजाबाईंनी सकाळी ओल्या फडक्यानं हौद पुसून काढला आणि मला बाहेर ठेवलं. इतक्यात नांदेडहून उद्धवमामा आले. बहिणीसाठी पाण्याचे दोन कॅन घेऊन आले होते, एवढं मात्र त्यांचं चांगलं. पण माझ्यावर नजर पडली आणि अंगात वारं शिरलं. "अरे, चालते का अजून? बघ मिने, कशी पळवायची असते!" मिनीच्या हातातून रिमोट गेला. मला पुसलेल्या हौदात टाकून मामांनी दांडी दाबून धरली. मी सरळ फरशीखाली शिरले आणि पार आतल्या कोपऱ्यात अडकले.

तेवढ्यात टँकर आला. माणसानं आत न बघताच पाइप खुपसला आणि चावी सोडली.

"थांब! गाडी हाय आत!" विशाखा ओरडली.

"बंद केलं की म्होरल्या घराला लावतो," तो टँकरवरूनच म्हणाला. "माझा खोळंबा नगं."

पाणी माझ्या चाकांना लागलं. सरजाबाई काठावर वाकल्या. "अगं बया! तिच्या पोटात सेलची ती घाण हाय! सगळं पाणी नासंल!" चार माणसांचं आठ दिवसांचं पिण्याचं पाणी, आणि ते नासवायला मी बसलेली. मला शिसारी आली माझी.

मामा चपलेसकट हौदावर चढले. "पाय घालू नगा, पाव्हणं! प्यायचं पाणी हाय ते!" सरजाबाईंनी त्यांचा शर्ट धरला. मामांनी काठी घातली, तर मी आणखी आत गेले. दांडी दाबली, तर मी भिंतीवर नाक आपटत राहिले. धाड, धाड, धाड. त्यांना दाबणं तेवढं माहीत!

"मामा, दे."

मिनी समोर उभी होती. दोन्ही हात पुढे.

"थांब ग, तुला न्हाई जमायचं..."

"माझी हाय. दे!"

विशाखानं भावाच्या हातून रिमोट काढला आणि मिनीला दिला. मिनी हौदाच्या काठाशी वाकली. बोट टेकवलं, सोडलं. मी वीतभर मागे आले. टेकवलं, सोडलं. पाणी चाकांच्या निम्म्याकडे चढत होतं. माझी मोटर गुरगुरत होती, आतून चटका बसत होता. टेकवलं, सोडलं. मिनीनं घाई केली नाही. एकदाही नाही. फरशीच्या सावलीतून माझं मागचं टोक उजेडात आलं आणि सरजाबाईंच्या हातानं मला गचकन वर उचललं. पोटाला अजून पाणी लागलं नव्हतं.

हौद भरला. पाणी नितळ होतं. सरजाबाईंनी मिनीच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "कोण म्हणलं गं हिला भित्री?" मामा काठी जागेवर ठेवायला गेले.

माझी मोटर मात्र जळाली. मी पुन्हा चालले नाही. मामांनी मिनीला जवळ घेतलं. "रडू नगं हां. हिच्याहून मोठी आणतो तुला. डबल मोठी!"

मित्रांनो, मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत.

मिनी रडत नव्हती. ती म्हणाली, "तू नको आणू, मामा. मला दुकानात ने. मी चालवून बघते, मग घेऊ."

म्हणून तुम्हाला मनापासून सांगते. खेळणं शोकेसमध्ये सडवू नका, आणि ठेवायचंच असेल तर सेल तेवढे काढा. आणि लेकराला पहिली गाडी घ्यायला जाल तेव्हा रिमोट त्याच्या हातात द्या आणि तुमचे हात खिशात घाला.