एका शब्दावरची रेघ

माझी आत्या सरकारी कार्यालयात एकोणतीस वर्षं कागद परत पाठवते. हुद्दा आवक लिपिक, पण काम हेच. अर्जात खाडाखोड दिसली आणि शेजारी साहेबांची छोटी सही नसली, की अर्ज परत. साहेबांच्या सासऱ्यांचाही तिने दोनदा परत केला. तिसऱ्यांदा सासरे आलेच नाहीत.

यंदा नियम निघाला: पंचवीस वर्षं सेवा झालेल्या प्रत्येकाच्या पगारातून निवृत्ती निधीसाठी दहा टक्के सक्तीने कापणार. सोबत एक फॉर्म होता. ‘ही वर्गणी मी स्वेच्छेने देत आहे.’ खाली सही.

आत्याने ‘स्वेच्छेने’वर पट्टी ठेवून रेघ मारली, वर ‘सक्तीने’ लिहिलं, सही केली आणि फॉर्म साहेबांपुढे ठेवला.

“बाई, हे काय?”

“खाडाखोड. शेजारी तुमची सही लागेल.”

“मी सही केली तर मला हे मान्य आहे असं होईल.”

“मग मी रेघ न मारता केली तर माझं काय होईल?”

साहेबांनी कोरा फॉर्म दिला. आत्याने पुन्हा पट्टी काढली. असे अकरा फॉर्म झाले.

“फॉर्म नाही तर पगार नाही,” साहेब म्हणाले.

“बरं. पगारच नाही, तर कापणार कशातून?”

घरी बाबा वैतागले. “अक्का, दहा टक्क्यांपायी शंभर घालवतेयस.”

“दहा नेऊ देत की रे. पण खिसा कापायचा आणि वर माझ्याकडून लिहून घ्यायचं, की कात्री मीच आणून दिली?”

दोन महिने पगार आला नाही. आत्या रोज दहाच्या ठोक्याला खिडकीत हजर, आणि नेहमीपेक्षा जास्त कागद परत.

तिसऱ्या महिन्यात रोखपाल बाईंनी आपला भरलेला फॉर्म परत मागितला. “जरा पट्टी देता?” मग पट्टी टेबलाटेबलावरून फिरली. चार वाजेपर्यंत साहेबांसमोर एकोणीस रेघा होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आवक खिडकीशी रांगेत उभे राहिले. त्यांनी गठ्ठा सरकवला. एकोणीसही रेघांशेजारी छोटी सही होती. आत्याने एकेक फॉर्म तपासून शिक्का मारला, आपल्यावर सगळ्यात शेवटी.

गठ्ठ्याच्या तळाशी विसावा फॉर्म निघाला. साहेबांची सेवा सव्वीस वर्षं. ‘स्वेच्छेने’वर रेघ होती, हातानेच मारलेली, जरा वाकडी.

आत्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि खिडकीतून परत दिला.

“खाडाखोडीवर सही नाही. तुमच्या साहेबांची घेऊन या.”