गाडीचं गोडं पाणी

पाणी

कमळनं रेडिएटरचं झाकण उघडलं नि तशीच बघत राहिली. इंजिन आत्ताच चालू केलेलं, गार, तरी पाण्यात बुडबुडे. मागून पांढरा धूर. लहूनं तेलाची पट्टी ओढून तिच्या नाकासमोर धरली. तेलाला चहावरच्या सायीचा रंग आला होता.

"हेडचं गास्केट गेलं, वयनी. वरचं हेड नि खालचा ब्लॉक, त्यांच्या मधला पत्रा. पानी तेलात जातंय."

"मग बदल."

"मी होडीवाला."

"होडीच्या इंजिनाला काय शेपूट असतं?"

लहू तिचा धाकटा दीर. वेसाव्याच्या बंदरावर होडीचं इंजिन बंद पडलं की लोक आधी त्याच्या दारात यायचे. मोटारीला त्यानं कधी हात लावला नव्हता. पण कमळनं 'बदल' म्हटलं की बदलायचं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक.

गाडी म्हणजे म्हातारी फियाट, अंधेरीच्या एका डॉक्टरीणबाईंकडून घेतलेली, कमळ नि शेजारची सगुणा दोघींची मिळून. टॅक्सीवाले म्हावऱ्याच्या पाट्या बघून काच वर करायचे, म्हणून घेतली. मागची सीट काढून पत्रा ठोकला. कमळ लायसन काढून आली. दोन वर्षांत घाटकोपरपर्यंतचे हवालदार गाडी दिसायच्या आधीच वासावरून ओळखू लागले.

आणि उद्या पहाटे नारळी पुनवेनंतरची पहिली होडी येणार होती, कमळच्या नवऱ्याची, हरेश्वरची. घाटकोपरच्या बाजारात एक रीत होती. पहिल्या म्हावऱ्याच्या दिवशी जी जिथं पाटी टेकेल, ती जागा वर्षभर तिची. पिंपळाखालची, सावलीची, नळाजवळची जागा कमळच्या सासूपासून चालत आलेली. शेजारी बसणारी सुंदराबाई त्या सावलीकडे गेली कित्येक वर्षं प्रेमानं बघत होती.

बंदरावरचे टेम्पो पहिल्या दिवशी मोठ्या व्यापाऱ्यांचे. म्हणजे गाडी चालायलाच हवी.

झाकण

पाणी सोडलं. कार्बोरेटर उतरला. वरचं झाकण निघालं. त्याखालच्या लांब सळ्या ज्या जागेतून निघतील त्याच जागेत परत जायला हव्यात, तर त्या क्रमानं ठेवायच्या कुठं? कमळनं बोंबील वाळवायच्या दोरीकडे बोट दाखवलं. दोरीच्या पिळात एकेक सळी खोचली गेली, वाडीकडून समुद्राकडे, पहिलीपासून शेवटची. जाणारे-येणारे विचारत होते, हे कुठलं म्हावरं. सगुणा सांगत होती, डॉक्टरीणबाईचं.

हेड

चिकटून बसलेलं. लहूनं लाकडी दांड्यानं कडेकडेनं ठोकलं, शिव्या दिल्या, मग गोंजारलं. निघालं.

मीठ

तिघंही वाकून बघू लागली.

गास्केट एका पाण्याच्या भोकापाशी खाल्लं गेलं होतं, उंदरानं भाकरी कुरतडावी तसं. हेडच्या ॲल्युमिनियमला तिथंच बारीक खड्डे. नि भोकाभोवती पांढरं, कडक, खरखरीत. लहूनं नखानं खरवडलं. कमळनं बोट लावून जिभेवर ठेवलं. वास्तविक ठेवायची गरज नव्हती. सगळ्या वाडीला ती चव ठाऊक होती.

वाडीत गोडं पाणी नळाला संध्याकाळी थोडा वेळ यायचं, तेही रांगेत. विहिरीचं खारं. गाडी आली तेव्हा सगुणा म्हणाली होती, नळाचं घालू या. कमळनं तिला चारचौघांत वेड्यात काढलं होतं. म्हावरं मिठात टिकतं, जाळं खाऱ्या पाण्यात टिकतं, होडीचं इंजिन समुद्राचंच पाणी पितं, मग या बयेला गोडं कशाला? नि दोन वर्षं स्वतःच्या हातानं विहिरीचं पाणी ओतलं होतं.

लहू उगाच पाना पुसत राहिला. सगुणा दोरीवरच्या सळ्या बघत होती.

"मीच घातलं," कमळ म्हणाली. "सगुणा, तू बरोबर व्हतीस. आता बोलायचं ते बोल, मग हेड उचलायला ये."

सगुणा बोलली. बराच वेळ बोलली. मग हेड उचलायला आली.

हेड, परत

अंधेरीजवळच्या आंबोलीत वर्कशॉप चालवणाऱ्या चंद्रप्रकाशनं आपल्या मशीनवर हेडचा तळ तासून सपाट केला, नवं गास्केट दिलं आणि किती जोर लागला ते काट्यानं दाखवणारा पानाही दिला. लहूला तो पाना अपमान वाटला. होडीवर तो पान्याला पाइप लावून इंजिन कण्हेपर्यंत ओढायचा. कमळनं पाइप काढून घेतला आणि त्यावर बसली.

"ते होडीचं बिडाचं लोखंड हाय, हे ॲल्युमिनियम. पापलेट नि मुशी एका सुरीनं कापतोस काय?"

मग लहूनं मधल्या नटापासून सुरुवात केली, तिथून बाहेर बाहेर, आधी थोडं, मग आणखी, मग काटा सांगेल तितकं. कमळ काटा वाचत होती. सळ्या दोरीवरून उतरल्या, समुद्राकडच्या आधी.

झाकण, परत

बसलं. सायीचं तेल सोडून नवं भरलं. एक वॉशर उरला. लहू म्हणाला, उरतोच.

पाणी, परत

दोन्ही घरचं मिळून पिण्याचं पाणी एका हंड्यात उरलं होतं. नळाला आज पाणी आलंच नव्हतं. कमळनं तो हंडा उचलला, त्याच्या तोंडाला गाळायचं फडकं बांधलं आणि रेडिएटरमध्ये ओतू लागली.

"आनि आपन काय प्यायचं गं?" सगुणानं विचारलं.

"घाटकोपरला नळ हाय. आपल्या जागेजवळ."

किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, नि लागलं. बुडबुडा नाही. धूर सुरुवातीला होता, मग तोही विरला. लहू कान देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, होडीपेक्षा हलकं हाय, पण हाय इंजिनच.

जागा

पहाटे पाट्या भरल्या, वर बर्फ, पुढे दोघी. साकीनाक्याच्या चढावर सगुणा देवाचं नाव घेत होती, कमळ गियर टाकत होती. पिंपळाखाली पोचल्या तेव्हा सुंदराबाईचं प्लास्टिक अर्ध्या सावलीपर्यंत सरकलेलं. कमळनं पाटी टेकली. सुंदराबाईनं प्लास्टिक मागे ओढलं, आणि गाडीची तब्येत विचारली.

"पथ्यावर हाय," कमळ म्हणाली.

बाजार उठेपर्यंत इंजिन गार झालं होतं. कमळ पिंपळाजवळच्या नळाखाली रिकामी कळशी धरून उभी राहिली. सगुणानं ओंजळ पुढे केली.

"थांब," कमळ म्हणाली. "आधी तिला."