दिव्याआडचं सूप

"दिवो बंद नाय, तर बांगडो नाय!"

आईने डोक्यावरची पाटी उतरवलीच नाही. गुरुदास शेट समोर झोपाळ्यावर बसले होते, तरी ती त्यांच्या बायकोलाच म्हणाली, "शेटाक सांगा, आज बांगड्याचा नाय, बल्बाचा तिकला करा."

शेटच्या बायकोने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रागावली होती, ते आईच्या मागे उभ्या असलेल्या मला कळलं नाही.

"तुळशे," शेट म्हणाले, "सगळो देश उजेडाक चललो आणि तुका काळोख होयो?"

"उजेड होयो, गुरुदासभाऊ. घरात लावा, गोठ्यात लावा, न्हाणयेत लावा. दर्याक कित्याक लावतास? तेका काय वाचूचा आसा?"

एवढं बोलून ती वळली. ताज्या बांगड्यांचा वास मात्र अंगणात मागे राहिला.

चौसष्टच्या दिवाळीत आमच्या वाडीत वीज आली. घरं सगळी समुद्राकडे तोंड करून, त्यामुळे पडवीतला बल्बही समुद्राकडेच. नवी नवलाई होती. जेवणं झाली, माणसं झोपली, तरी बल्ब जळत असायचे. कोणाचा पहाटेपर्यंत जळतो, याचीसुद्धा चढाओढ होती. शेटनी तर माडीवर एक भला मोठा बसवला होता.

माझे बाबा, काशीराम, होडी चालवणारे तांडेल होते. जाळी घेऊन रात्री निघायचे आणि पहाटे अंधारात परत फिरायचे. आमच्या किनाऱ्यापुढे पाण्यातल्या खडकांच्या, खडपांच्या, दोन रांगा आहेत आणि त्यांच्यामधून एका होडीपुरती वाट. ती वाट सापडायची ती आभाळामुळे. तारे डोंगरापर्यंत खाली उतरलेले असत, आणि त्यांच्यापुढे डोंगराची काळी खिंड स्पष्ट दिसे. खिंडीच्या बरोबर खाली, वाळूतल्या एका कातळावर, तांडेलाच्या घरची बाई कंदील घेऊन उभी राही. खिंड आणि कंदील एकाखाली एक आले की होडी आत घालायची. आजीने कंदील धरला, आजीनंतर आईने.

वीज आली आणि डोंगरावरचे तारे गेले. ताऱ्यांबरोबर खिंड गेली. आईचा कंदील बल्बांच्या रांगेत कुठला, ते बाबांना ओळखू येईना. मार्गशीर्षातल्या एका पहाटे होडी खडपावर चढली. लवूकाकांचा, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा, पाय होडी आणि खडप यांच्यामध्ये सापडला. त्यानंतर ते होडीत बसले नाहीत. अंगणात जाळी सांधत बसायचे. वाळूत त्यांचा तो पाय टिकत नसे.

"आज पाय गेलो. उद्या घोव जातलो," आई म्हणाली आणि पंचायतीत गेली. तिथे सगळे हसले. तिथून आली ती डोक्यावर पाटी घेऊन ही अट घालत दारोदार निघाली.

मासे विकणाऱ्या इतर बायकांनाही तिने आपल्यात ओढलं. शेवंती म्हणाली, "गो, गिऱ्हायका तुटतली."

"तुटानेत. बांगडो खाल्ल्याबिगर कोकणातलो माणूस किती दिस जगता, ता बघूया."

वाडीत तिला काळोखाची तुळसा म्हणू लागले. मुलं ती दिसली की डोळे मिटून चाचपडत चालायची. आईही मग डोळे मिटून त्यांच्या अंगावर धावून जाई, की पोरं किंचाळत पळत. पण एकेक बल्ब जेवणानंतर मालवू लागला. शेटनी काही दिवस सुक्या मासळीवर काढले. मग एका संध्याकाळी त्यांची माडी काळोखात गेली. दुसऱ्या दिवशी आईने निवडून निवडून मोठे बांगडे त्यांच्याकडे दिले.

शेवटी राहिली एक डोरथी. तिचं घर कातळाच्या अगदी वर, आणि तिचा बल्ब कंदिलाच्या डोक्यावरच. नवरा डॉमिंगो बोटीवर कामाला. घरात ती एकटी.

"सरंगो आणलंय," आई म्हणाली. "डोळे बघ कसे आसत. पण पयलो दिवो."

"माका नको सरंगो."

"शिरा पडो त्या दिव्यार! घोव तुझो बोटीर. रातभर कोणाक दिवो दाखवतंस?"

डोरथीला राग आला नाही. तिने पडवीच्या पायरीकडे बोट केलं.

"हंय बसलो होतो माझो जासिंत. तेवां दिवो नाय होतो, तुळसाबाय. फुरसा दिसला नाय."

डोरथीचा मुलगा जासिंत फुरसं चावून गेला, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. वीज यायच्या आदल्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या मुलाचा आणि या बल्बाचा संबंध मात्र कोणाच्याच मनात आला नव्हता.

"दिवो मालवलो काय पायरी दिसत नाय," डोरथी म्हणाली. "मगे माका तोच दिसता."

त्या सगळ्या दिवसांत आईने अटीशिवाय पाटी उतरवली ती त्या एका दारात. सरंगा डोरथीच्या ताटलीत ठेवला आणि मला म्हणाली, "चल."

दुसऱ्या दिवशी तिने घरातलं चांगलं सूप काढलं. शेणाने दोन्ही बाजूंनी जाड सारवलं, बांबूची एक फट ठेवली नाही. उन्हात वाळवलं आणि घेऊन डोरथीकडे गेली.

"खुर्ची दी गो."

खुर्चीवर चढून तिने ते सूप बल्बाच्या पलीकडे, दर्याच्या अंगाला, काथ्याने वाशाला बांधलं. बटण दाबलं. उजेड सुपावर आपटून मागे फिरला आणि सगळा पायरीवर पडला.

"बघ. पायरी तुझी, दर्यो माझो."

डोरथी पायरीकडे बघत राहिली. मग नाकाला हात लावून म्हणाली, "वास येता, तुळसाबाय."

"शेणाचो वास चार दिस येतलो. माझो जल्मभर येता, तो कसो चलता तुका?"

डोरथी हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतरच्या पहाटे मी आईबरोबर कातळावर गेले. मागे वाडी अंधारात होती. आभाळ परत आलं होतं, पार समुद्राला टेकेपर्यंत. पुढे कॉलेजात असताना मी ताऱ्यांवरची पुस्तकं वाचली, पण वाचताना डोळ्यांपुढे असायची ती तीच पहाट. मी मान वर करून उभी होते.

"वर काय बघतंस?" आई म्हणाली. "दर्यात बघ. तुझो बापूस वर खंय आसा?"

दर वर्षी शिमग्याआधी आई डोरथीचं सूप उतरवून आणायची, नव्याने सारवून परत बांधायची.

यंदा माघात आई गेली. छातीत कफ झाला आणि आठवडाभरात सगळं संपलं. मी बांद्याला शाळेत शिकवते. बारावं झालं तशी माझी रजाही संपत आली. त्या दुपारी बाबा जाळ्याकडे बघत म्हणाले, "आज होडी काढतंय."

"पहाटे मी उभी राहते," मी म्हटलं.

"आज रवशील. परवा?"

लवूकाकांनी मान खाली घालून जाळ्याची गाठ ओढली.

संध्याकाळी अंगणात डोरथी आली. हातात तेच सूप होतं, कडेने कुरतडलेलं, पोपडे सुटलेलं. "शेण खंय आसा?" तिने विचारलं. मी गोठा दाखवला. ती अंगणात बसली आणि सारवू लागली. हे काम तिने कधी केलेलं नव्हतं. पावावर लोणी फासावं तसं बोटांच्या टोकांनी लावत होती.

बाबा बघत होते. मग म्हणाले, "कडेक जाड लाव. थंयसून उजेड सुटता."

तिने कडेला जाड लावलं. हात धुतले. पदराला पुसत, कोणाकडेच न बघता म्हणाली, "कंदील माझ्याकडे देवा. सकाळी मी रवतंय. माका न्हीद खंय येता?"

"काळोख आसतलो," बाबा म्हणाले.

"कंदील आसा मगे."

पहाटे मला जाग आली. मी वाटेपर्यंतच गेले, पुढे गेले नाही. तारे खिंडीपर्यंत उतरले होते. कातळावर कंदील होता. आई धरायची त्याहून हातभर उंच, दोन्ही हातांनी धरलेला. समुद्रावर काही दिसत नव्हतं. मग वल्ह्यांचा आवाज आला, थांबला. बाबा तिकडे कंदील शोधत असावेत. कंदील हळूहळू खाली आला, आईच्या उंचीवर स्थिर झाला, आणि वल्ही पुन्हा सुरू झाली.

वर डोरथीच्या घरी ओल्या सुपाआड बल्ब जळत होता. पायरीवर उजेड होता. पायरीवर कोणी नव्हतं.