बर्फातलं पेरॉक्साइड

सीमा तोंडवळकर माटुंग्याच्या कॉलेजात एमएस्सी करत होती. काळाचौकीत तिच्या वडिलांची पिठाची गिरणी. लहानपणी गिरणीच्या पट्ट्यात सापडून तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

प्रॅक्टिकलला प्रत्येकाने एक संयुग बनवायचं होतं. सीमाने सोडियम पेरॉक्साइड निवडलं. विभागप्रमुख विनीत सर तिच्या हाताकडे बघत म्हणाले, "त्यासाठी सोडियम कापावं लागतं, ऑक्सिजनमध्ये जाळावं लागतं. निसटलं तर आग लागेल. ब्रेंडन करेल, तू निरीक्षणं लिही."

"सर, घरी सुरमई मी कापते."

"सोडियमला तू हात लावायचा नाहीस. विषय संपला."

बाहेर आल्यावर तिचा वर्गमित्र ब्रेंडन म्हणाला, "जाऊ दे ना यार. मी करतो, नाव दोघांचं टाकू."

"माझं काम तू का करणार रे?" सीमा उखडली आणि तडक लायब्ररीत गेली.

तिथल्या एका जुन्या पुस्तकात तिला दुसरी वाट सापडली. कॉस्टिक सोड्याच्या गार द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं, की सोडियम पेरॉक्साइडचे स्फटिक खाली बसतात. धातू लागतच नाही. प्रयोगशाळेच्या फ्लॅविया मॅडमनी परवानगी दिली, पण गॉगल, हातमोजे आणि त्या स्वतः समोर, या अटीवर.

पहिल्या खेपेला द्रावण तापलं, फसफसलं आणि सगळा ऑक्सिजन उडून गेला. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

"बर्फ कमी पडला," मॅडम म्हणाल्या. ब्रेंडन मासळी बाजारातून पोतंभर बर्फ घेऊन आला. प्रयोगशाळाभर बोंबलांचा वास सुटला. सीमाने उजव्या तळव्याने बीकर बर्फात दाबून धरला आणि डाव्या हाताने हायड्रोजन पेरॉक्साइड थेंब थेंब सोडत राहिली. हळूहळू तळाशी पांढरे स्फटिक बसले.

विनीत सर आले, वाकून बघितलं. "हे हायड्रेट आहे. यात पाणी आहे."

"पाणी नंतर काढेन, सर. पेरॉक्साइड आहे की नाही, ते आधी बघा." तिने स्फटिक धुतले आणि त्यातले चिमूटभर आम्लयुक्त परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणात टाकले. जांभळा रंग बघता बघता गेला; पेरॉक्साइड असल्याची ती खूण.

सरांनी रंग गेलेलं द्रावण उजेडात धरून बघितलं. "ठीक आहे. पण पुढच्या सत्रातही धातू तुला मिळणार नाही."

"मी रोज मागणार. तुम्ही रोज नाही म्हणा."

"रोज कशाला?" फ्लॅविया मॅडम मध्येच म्हणाल्या. "उद्यापासून हिला सोडियम कापायला मी शिकवते. माझ्या टेबलावर, माझ्या जबाबदारीवर."

सर निघून गेले. सीमाने गॉगल काढला, हातमोजे उतरवले आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. उजवा तिने लपवला नाही.